जंत झालेली मेंढी जास्त मिथेन सोडते आणि मिनरल मिक्श्चरने दोन्ही कमी होतं, खरं आहे का हे?

कळपवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. माझ्याकडे ६० मेंढरं आहेत, त्यातली २२ कोकरं चार-पाच महिन्यांची. दिवसभर चराई आणि संध्याकाळी थोडा खुराक असा साधा हिशोब. चाटण वीट कायम टांगलेली असते, वरनं खुराकात मिनरल मिक्श्चरही टाकतो, तरी गेल्या दीड महिन्यात कोकरं अंगच धरत नाहीयेत. खातात, पण आधीसारखं तुटून पडत नाहीत, लोकर राठ झालीये आणि दोघा-तिघांच्या जबड्याखाली संध्याकाळी मऊ सूज येते ती सकाळी उतरलेली असते. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पाजतो, गेली चार वर्षं एकच औषध.

आता मूळ प्रश्न. परवा एक मिनरलवाला प्रतिनिधी आला होता, तो म्हणाला तुमच्या मेंढ्यांना खनिजं कमी पडतायत म्हणून जंत होतात आणि जंत झालेली मेंढी जास्त मिथेन सोडते, आमचं मिक्श्चर डबल करा म्हणजे जंतही जातील, मिथेनही कमी होईल आणि पुढेमागे कुणी मिथेनचा हिशोब मागितला तर तुम्ही आधीच तयार. मला ते एका दगडात तीन पक्षी जरा जास्तच वाटले. पण पूर्ण खोटं पण वाटेना, कारण जंत आणि मिथेनचं कुठेतरी मी पण वाचलेलं. तर ह्यातलं किती खरं? आणि डबल करू का?

नुसतंच_वाचतो

मला मेंढ्यांतलं काही कळत नाही, पण मिथेन म्हणजे पादण्यातनं जातो तोच ना? मग पोट बिघडलेली मेंढी जास्त पादणार हे सरळच आहे की.

ढेकरतज्ञ

नाही हो, पादण्यातनं नाही, ढेकरातनं. नावावरनं कळलंच असेल की माझा हा लाडका विषय आहे, त्यामुळे पोस्ट लांबणार, चहा घेऊन बसा.

मेंढीचं ९५ टक्क्यांहून जास्त मिथेन तोंडा-नाकातनं बाहेर पडतं. कोटीपोटात, म्हणजे मेंढीच्या चार पोटांतल्या पहिल्या मोठ्या पोटात, चारा आंबत असतो, त्यातनं हायड्रोजन सुटतो, तो तसाच साठला तर आंबण्याचं कामच मंदावेल, म्हणून तिथले काही सूक्ष्मजीव तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन करतात. मेंढी तो मिनिट-दोन मिनिटाला ढेकर देऊन टाकते. आवाज येत नाही कारण ढेकरातला बराच वायू आधी फुप्फुसात ओढला जातो आणि मग श्वासाबरोबर गुपचूप बाहेर येतो. रवंथ करणाऱ्या मेंढीशेजारी बसून बघा, मानेच्या डाव्या बाजूने गोळा वर सरकताना दिसेल, ढेकर मात्र कळणारही नाही. पोट बिघडल्याचा त्याच्याशी संबंध नाही, ठणठणीत मेंढीही दिवसाला साधारण २० ग्रॅम मिथेन सोडतेच. ती खाल्लेल्या चाऱ्यातली ऊर्जाच असते, एकूण ऊर्जेच्या ६-७ टक्के अशी हवेत जाते. आणि १०० वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट तापवतं म्हणून सगळे त्याच्या मागे लागलेत.

तर कळपवाले भाऊ, तुमचा प्रतिनिधी अर्धं खरं बोलला आणि तिथेच खरी गंमत आहे, कारण "जास्त मिथेन" म्हणजे कशाच्या मानाने जास्त हे कुणी सांगतच नाही. दिवसाच्या मानाने बघितलं तर जंताने बेजार मेंढी बऱ्याचदा कमीच मिथेन सोडते, कारण ती कमी खाते. पण खाल्लेल्या दर किलोमागे मोजलं तर वाढलेलं दिसतं. २०१८ साली कोकरांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात जंताची लागण झालेल्या कोकरांचं मिथेन दर किलो शुष्क चाऱ्यामागे तब्बल ३३ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. ह्यामागचं एक कारण समजायला सोपं आहे, कमी खाल्लं की चारा कोटीपोटात जास्त वेळ पडून राहतो, जास्त आंबतो.

पण माझ्या मते ते ३३ टक्के पण खरी गोष्ट नाही, खरी गोष्ट वाढीत आहे. हे बघा, समजायला सोपे जावेत म्हणून मी आकडे धरतोय, मोजलेले नाहीत. एक निरोगी कोकरू रोज १ किलो शुष्क चारा खातं, २० ग्रॅम मिथेन सोडतं आणि २०० ग्रॅम वाढतं. दुसरं जंतवालं, ते ८०० ग्रॅम खातं, किलोला २४ ग्रॅमने १९ ग्रॅमच्या आसपास मिथेन सोडतं आणि वाढतं फक्त ८० ग्रॅम. रोजचं बघाल तर जंतवालंच चांगलं वाटेल, १९ विरुद्ध २०. आता दोघांना २० किलो वाढवायचंय. पहिल्याला १०० दिवस लागले, २ किलो मिथेन झालं. दुसऱ्याला २५० दिवस, ४ किलो ८०० ग्रॅम. दुपटीच्याही वर! आणि ते दीडशे दिवस जास्तीचं तुम्ही त्याला चारलं, राखलं, पाजलं, ते वेगळंच. म्हणून मिथेनचा विचार बाजूला ठेवला तरी तुमचा आणि हवामानाचा फायदा इथे एकाच बाजूला पडतो, असं फार कमी वेळा होतं.

राहिलं मिनरलचं. खनिजांनी थेट मिथेन कमी होतो म्हणणाऱ्याला विचारा, कुठलं खनिज? कोबाल्ट म्हणाला तर त्याला सांगा की मिथेन करणाऱ्या त्या सूक्ष्मजीवांनाच कोबाल्ट लागतं, निकेल पण लागतं. नायट्रेटने मिथेन खरंच कमी होतो, तो हायड्रोजन स्वतःकडे ओढून घेतो, पण त्याचं कोटीपोटात नायट्राइट होतं आणि सवय न करता घातलं तर मेंढीचं रक्त चॉकलेटी होऊन ती मरू शकते, ते घरगुती प्रयोगाचं काम नाही. साध्या मिक्श्चरने जो काही फरक पडेल तो वाढ सुधारली तर, आणि वाढ तेव्हाच सुधारेल जेव्हा खरोखर काहीतरी कमी पडत असेल.

लेंडीवाली

मी लॅबमध्ये लेंड्या तपासते, दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची हेच काम, तर माझे दोन शब्द.

भाऊ, मिथेन-बिथेन नंतर बघू, जबड्याखालची सूज लिहिलीत ना, ते वाचून मी बाकीचं वाचायची थांबले. चरताना मान खाली असते म्हणून संध्याकाळी तिथे पाणी साचतं आणि रात्री उतरतं. ते रक्तातलं प्रोटीन कमी झाल्याचं लक्षण आहे आणि चरणाऱ्या कोकरांत पहिला संशय रक्तपित्या जंतावर, हिमाँकसवर. चौथ्या पोटात राहतो. मेलेल्या मेंढीचं पोट उघडलं की लाल-पांढरा पीळ घातलेल्या दोऱ्यासारखे वळवळताना दिसतात, लाल ते रक्ताने भरलेलं आतडं आणि पांढरं त्याच्याभोवती गुंडाळलेलं अंडाशय. एक जंत दिवसाला ०.०५ मिली रक्त खर्ची घालतो. ऐकायला काहीच नाही, पण एका मेंढीत १००० जंत काही फार नव्हेत, म्हणजे ५० मिली रोज! आणि ३० किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त जेमतेम २ लिटर. आता त्यात वीट चाटवून किती भरून काढणार?

प्रतिनिधीने गाडी उलटी जुंपलीये असं माझं मत. खनिजं कमी म्हणून जंत होतात असं नाही, जंत होतात ते लेंडीतनं गवतावर आणि गवतावरनं तोंडात. एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी टाकते, ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात गवताच्या पात्यावर अळ्या तयार, आणि पोटात गेल्यावर तीन आठवड्यांत त्यांची अंडी सुरू. उलट जंतांमुळेच खनिजं कमी पडतात. चौथ्या पोटातले काही जंत तिथल्या आम्ल करणाऱ्या ग्रंथी बिघडवतात, आम्लता उतरते, मग तांबं नीट शोषलं जात नाही. लहान आतड्यातले जंत असले तर फॉस्फरस शोषला जात नाही. रक्तपित्याने तर लोह सरळ बाहेरच जातं. भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतायचं झालं हे, आधी भोक बुजवा.

तरी मिनरल बिनकामाचं नाही हं, गैरसमज नको. प्रोटीन, फॉस्फरस, कोबाल्ट, सेलेनियम, तांबं, झिंक नीट मिळालेली मेंढी तेवढेच जंत जास्त चांगले सोसते, आणि प्रतिकारही करते. फक्त मारत नाही ती खनिजं जंताला. आणि खरं सांगू का, ह्या सगळ्यात प्रोटीनचा वाटा मोठा आहे, विशेषतः गाभण मेंढी शेवटच्या महिन्यात आणि व्यायल्यावर दूध देताना. त्या काळात आईची प्रतिकारशक्ती ढिली पडते, लेंडीतली अंडी एकदम वाढतात आणि सगळी त्याच कुरणावर पडतात जिथे तिची कोकरं पहिल्यांदा गवताला तोंड लावतात. तेव्हा चांगला खुराक दिला तर अंडी कमी पडतात हे बऱ्याच ठिकाणी दिसून आलंय. लोक वीट टांगून मोकळे होतात आणि पेंड कापतात, माझ्या डोळ्यासमोर होतं हे.

चार वर्षं एकच औषध, सगळ्यांना, तारखेने. मला वाटतं ते आता चालतच नसावं.

जुनी_मेंढपाळ

डबल करू नका. आधी हे वाचा.

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी गाईंसाठी आणलेलं मिनरल मिक्श्चर उरलं होतं, मी म्हटलं वाया कशाला घालवायचं, मेंढ्यांना घातलं. दोन-अडीच महिने काही झालं नाही, उलट चांगल्या दिसत होत्या म्हणून मी अजून हात सैल सोडला. मग एका उन्हाच्या दिवशी लांब चालवून आणल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक चांगली धष्टपुष्ट मेंढी उठेना. डोळ्याचं पांढरं पिवळंजर्द, हिरड्या पिवळ्या, आणि लघवी काळसर लाल, मला वाटलं आतनं मार लागला. दुपारी गेली. दोन दिवसात अजून दोन गेल्या, त्याही सगळ्यात तब्येतीच्या, कारण त्याच ढकलाढकली करून जास्त खात होत्या. डॉक्टरांनी उघडून बघितलं तर मूत्रपिंड काळंनिळं, म्हणाले तांब्याची विषबाधा.

गाईला जेवढं तांबं लागतं तेवढं मेंढीला झेपत नाही. मेंढीचं यकृत ते साठवत राहतं, बाहेर टाकायला तिला जमत नाही फारसं, महिनोन्‌महिने काही कळत नाही आणि मग चालण्याचा, उपासमारीचा, वाहतुकीचा कसलाही ताण पडला की सगळं एकदम रक्तात येतं, तांबड्या पेशी फुटतात. त्यावेळी लक्षण दिसतं तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. चाऱ्यात मॉलिब्डेनम (तांब्याला अडवणारं खनिज) कमी असेल तर अजूनच लवकर. काही जाती जास्त नाजूक, टेक्सेल तर प्रसिद्धच आहे त्यासाठी. तेव्हा पिशवीवर मेंढीसाठी लिहिलंय का बघा, आणि विटेत, मिक्श्चरमध्ये, तयार खुराकात मिळून तांबं किती जातंय ती बेरीज करा. तुमच्याकडे दोन ठिकाणांहून तर आत्ताच जातंय. चूक माझी होती, कुणाला दोष देत नाही, पण पिशवीवर साधी ओळ असती तर तीन मेंढ्या वाचल्या असत्या असं अजून वाटतं.

ढेकरतज्ञ

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ह्यात एक विचित्र गोष्ट म्हणजे हेच तांबं रक्तपित्या जंताच्या विरुद्ध वापरतातही. कॉपर ऑक्साइडच्या बारीक तारांची कॅप्सूल गिळवतात, त्या तारा चौथ्या पोटाच्या घड्यांत अडकतात, आम्लात हळूहळू विरघळतात, आणि हिमाँकसचे जंत कमी होतात. बाकीच्या जंतांवर फारसा परिणाम नाही. म्हणजे "खनिजाने जंत जातात" ह्या वाक्यात खरं असलेलं एवढं एकच उदाहरण मला माहितीये, आणि तेच सगळ्यात धोक्याचं. यकृतात आधीच किती साठलंय हे माहीत नसताना ते करायचं नाही, डॉक्टरशिवाय तर नाहीच.

कोबाल्टबद्दल एक राहिलं. कोबाल्ट कमी असलेल्या जमिनीवरची कोकरं अगदी जंत झाल्यासारखीच दिसतात, खुरटलेली, राठ लोकर, डोळ्यातनं पाणी. कोबाल्टपासून कोटीपोटातले जीवाणू बी-१२ बनवतात आणि त्याशिवाय मेंढीला प्रोपिओनेटमधली (चारा आंबून तयार होणाऱ्या एका आम्लातली) ऊर्जा वापरता येत नाही, मग भूकच मरते. चाऱ्याच्या किलोत साधारण ०.१ मिलीग्रॅम लागतं, इतकुसं. अशा कळपाला वर्षानुवर्षं जंताचं औषध पाजत बसलेले लोक आहेत. तेव्हा डोळ्याने ठरवू नका, लेंडी आणि रक्त दोन्ही तपासा.

नुसतंच_वाचतो

म्हणजे पादण्यावर कर लावणार होते ते न्यूझीलंडवाले चुकीच्या टोकाला लावणार होते म्हणायचं.

ढेकरतज्ञ

हाहा, बरोबर. २००३ चं ते, संशोधनासाठी शेतकऱ्यांकडून पैसे गोळा करायचे होते, नाव पडलं पादण्याचा कर आणि इतका विरोध झाला की गुंडाळावं लागलं. पण त्याच देशाने नंतर मेंढ्यांना थोडा वेळ बंद पेटीत उभं करून मिथेन मोजायची पद्धत बसवली आणि कमी मिथेनवाल्या मेंढ्यांची पैदास करायला घेतली. ह्यांचं कोटीपोट जरा लहान असतं आणि चारा लवकर पुढे सरकतो. पण आपल्या भावांच्या कोकरांना आत्ता त्याचा उपयोग नाही.

कळपवाला

बापरे, एवढं उत्तर मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ताई तुमच्या मेंढ्यांचं वाचून पोटात गोळाच आला, ताबडतोब पिशवी काढून बघितली तर त्यावर गाई-म्हशींचं चित्र! लिहिलंय "सर्व जनावरांसाठी". बंद केलं. वीट मेंढीची आहे ती ठेवलीये, बरोबर ना?

लेंडीवाली ताईंचं वाचून काल कोकरांच्या पापण्या बघितल्या. मी आजवर वरची पापणी उचलून बघायचो. खालची ओढून बघितली तर ६ कोकरांची आतली बाजू जवळजवळ पांढरी, आपण नखाच्या टोकावर दाबल्यावर दिसतं ना तशी, ८-९ फिकट गुलाबी आणि बाकीची लाल. म्हणजे सगळी सारखी नाहीत. मला वाटत होतं सगळा कळपच आजारी आहे. आता सगळ्यांना पाजू का फक्त त्या सहांना? आणि लेंड्या कशा आणायच्या, जमिनीवरच्या चालतील का?

लेंडीवाली

वीट ठेवा, त्यात काही नाही. पापण्या बघितल्यात हे बेस्ट. ह्याचा एक रंगाचा तक्ताच आहे, फामाचा म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत तयार झाला, १ म्हणजे लाल ते ५ म्हणजे पांढरा. ४ आणि ५ वाल्यांना पाजायचंच, ३ वाल्यांत कोकरू असेल किंवा मरगळलेलं असेल तर पाजायचं, १-२ सोडायचे. सावलीत नको, उजेडात बघा, आणि पापणी नुसती ओढून नाही, आधी अंगठ्याने डोळा हलका दाबायचा म्हणजे आतलं अस्तर बाहेर येतं. पटकन बघायचं, धरून ठेवलं की ते आपोआप लाल होतं. फक्त एक, हा तक्ता रक्त पिणाऱ्या जंतापुरताच, हगवण लावणारे दुसरे जंत त्यात दिसत नाहीत, आणि यकृतातल्या चपट्या कृमींनीही पापणी पांढरी होते.

सगळ्यांना पाजू नका. कळपातली थोडीच मेंढरं बहुतेक अंडी टाकत असतात, त्यांनाच पाजलं तरी कुरणावरची घाण बरीच उतरते. आणि ज्यांना पाजलं नाही त्यांच्या पोटातले जंत औषधाला अजून बधतात, त्यांची पिल्लं कुरणात राहिली पाहिजेत, नाहीतर राहतात फक्त औषध पचवलेले. तुमच्याकडे बहुधा तेच झालंय. औषध कोणतं ते डॉक्टरांना ठरवू द्या, वेगळ्या गटातलं लागेल, आणि वजन करून पाजा, अंदाजाने कमी पडलं की जंत शिकतात.

जमिनीवरच्या नकोत, कुणाच्या कुठल्या कळत नाही आणि उबेत अंडी दिवसभरात फुटायला लागतात. हातमोजा घालून थेट मेंढीतनं काढा, १०-१२ लेंड्या पुरतात, पिशवीतली हवा काढून नंबर लिहा आणि फ्रीजमध्ये ठेवा, बर्फात नाही. सहा पांढरीवाली आणि सहा लाल पापणीची, दोन्ही आणा.

कळपवाला

अपडेट. रिपोर्ट आला. पांढऱ्या पापणीवाल्या सहांतल्या पाचांना ग्रॅमला ४ हजारांच्या वर अंडी, एकाला तर ९ हजार. लाल पापणीवाल्यांत सगळी ५०० च्या आत. सहावं पांढऱ्या पापणीचं कोकरू मात्र २०० वरच आहे, त्याचं काय कळेना. डॉक्टरांनी दुसऱ्या गटातलं औषध दिलं, वजन करून पाजलं, खुराकात पेंड वाढवलीये आणि कोकरांना ज्या तुकड्यात गेले दोन महिने जनावरच गेलं नाही तिकडे हलवायचंय. आजच हलवू का?

प्रतिनिधीचा फोन आला होता, मिथेनचं काय ठरलं विचारत होता. मी म्हटलं दर किलो वाढीमागे सांगा, मग बोलू. म्हणाला विचारून सांगतो.

ढेकरतज्ञ

आता नाही येणार परत फोन.

लेंडीवाली

आज नका हलवू सगळं. औषध पाजून लगेच स्वच्छ कुरणात सोडलं की तिथे फक्त औषधातनं वाचलेल्यांचीच अंडी पडतात. ज्यांना पाजलं नाही ती चार-सहा कोकरं पण त्यांच्याबरोबर जाऊ देत. ते २०० वालं कोकरू वेगळं बांधा आणि त्याचं रक्त डॉक्टरांना काढायला सांगा, यकृतातली कृमी आणि कोबाल्ट दोन्ही बघायला लागेल.

आणि पाजल्यापासून चौदाव्या दिवशी त्याच पाचांच्या लेंड्या परत आणा, टॅग नंबर तेच. ९ हजारवालं ४५० च्या खाली, म्हणजे ९५ टक्क्यांनी कमी, आलं नाही तर हे औषधही गेलं समजा.